मिठाच्या पाण्याने हरळी घालवण्याच्या संदेशाबाबत खुलासा

एक किलो मीठ दहा लिटर पाण्यात विरघळवून अंगणात शिंपडल्यास हरळी कायमची जाते आणि बाकीच्या झाडांना काहीच अपाय होत नाही, असा संदेश सध्या फिरत आहे. मागील वर्षी तो मीही पुढे पाठवला होता. ती माझी चूक होती.

मिठाने पाने करपतात, एवढाच भाग खरा आहे. परंतु हरळी क्षार बऱ्यापैकी सहन करते आणि जमिनीखालच्या कांड्यांतून पुन्हा फुटते. वाल, मिरची यांना मात्र तेवढे मीठ सोसत नाही. शिवाय मिठातील सोडियम आपल्या काळ्या चिकण मातीला धरून राहतो, तिचे कण सुटे होऊन मातीतली छिद्रे बुजवतात आणि पाण्याचा निचरा थांबतो. पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे मुळातच खारट जमीन-पाण्याच्या भागात, अकोला, अमरावती, बुलढाण्याचे शेतकरी जे निसर्गतः भोगतात, ते आपण घरालगतच्या सांदवाडीत विकत आणून का घालावे?

माझ्या कुंपणाजवळ मीठ टाकलेल्या जागी पावसाचे पाणी तुंबते, वाळल्यावर कडक पापुद्रा धरतो, वालाचे बी तिथे उगवलेच नाही, आणि सर्वांत आधी परतली ती हरळीच.

पाऊस पडून गेल्यावर वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाली, की खुरप्याने कांड्यांसह हरळी खणून, उन्हात पूर्ण वाळवावी. काम कष्टाचे आहे, पण जमीन शाबूत राहते. तो संदेश कृपया पुढे पाठवू नये आणि पाठवला असल्यास तिथेच हा खुलासा टाकावा.