भाच्याला फोन द्या

काल एका विशीतल्या पोरानं मला फोनवर सांगितलं, "काका, तुम्ही राहू द्या, भाच्याला फोन द्या." मला भाचा नाही. बहीणच नाही, तर भाचा कुठून येणार?

हा भाचा गेल्या आठवड्यात परभणीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात जन्मला. माझं वय 44, खिशात 75 हजार, आणि काउंटरवरचं पोरगं विचारतंय, "गेमिंग पीसी? कुणासाठी?" बोलून गेलो, "भाच्यासाठी."

त्यानं आधी काचेच्या कॅबिनेटातला तयार पीसी पुढं केला. सहा पंखे, सहांना रंगीत दिवे. गणपतीचं मखर परवडलं. "आय सेव्हन हाय काका, 4 जीबीचं ग्राफिक कार्ड." आय सेव्हन होतंच, पण तिसऱ्या पिढीचं, म्हणजे 2012 सालचं. कार्ड जीटी 730, गेमला न पुरणारं. दोन महिने रात्री जागून अभ्यास केलेला माणूस मी! म्हटलं, आय फाइव्ह 12400एफ लाव, आरटीएक्स 4060 कार्ड लाव, रॅम आठ-आठच्या दोन पट्ट्या, सोळाची एकच नको. वर 'एफ'चा अर्थही शिकवला: या प्रोसेसरात चित्र दाखवायची सोयच नसते, ते काम कार्डाचं, म्हणून तो स्वस्त.

शेजारच्या स्टुलावर एक आबा बसले होते. पीकविम्याच्या कागदाची प्रिंट हवी होती आणि प्रिंटरात कागद अडकला होता.

"मास्तर, काय घ्यायलाव?" मी मास्तर नाही, पण इकडं चष्मा आणि खिशाला पेन असला की झालात मास्तर.

"भाच्याला कॉम्प्युटर."

"कामून? शिकायला का?"

"...हो."

आबांनी त्या मखराकडं बघितलं. "माळेगावच्या जत्रंत आसेच बैल येतेत. शिंगाला हिंगूळ, बेगड, गळ्यात घुंगरमाळ. दात बघितले तं म्हातारा. हे वीज किती खातंय?"

"नुसतं कार्डच 115 वॅट."

"आन वीज कोण देतंय ह्याला?"

पोरानं एसएमपीएस काढला, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटबरोबर फुकट, वर 500 वॅटचं स्टिकर. आबांनी तो हातात घेऊन शेळीचं करडू तोलावं तसा तोलला. "ह्यात काईच न्हाई. पोकळ हाय. आमच्या डीपीवर 63 लिवलंय मास्तर. लोकं आकडे टाकतेत, मोटारी वाढतेत, आन ऐन हरभऱ्याच्या पाण्याला डीपी जळतो. मंग पंधरा दिवस वर्गणी गोळा करीत हिंडा. लिवलेलं खरं नसतंय."

दोन महिने मी कार्डाचे व्हिडिओ बघितले. एसएमपीएसचा एकही नाही. दुकानदार काटकसर करतो ती नेमकी तिथंच, झाकणाआड. दिसणाऱ्या जागी दिवे लावतो. वजनदार, 80 प्लसवाला (म्हणजे कमी वीज वाया घालवण्याचं प्रमाणपत्र असलेला) एसएमपीएस घेतला तशी साठवणुकीची एसएसडी 1 टीबीवरून 512 जीबीवर आली. वर रॅमचे भाव! जगभरची डेटा सेंटरं एआयसाठी मेमरी गिळतायत, त्याचा भुर्दंड परभणीत मी भरायचा. हे आबांना सांगितलं तर म्हणाले, "ते सोयाबीन खातेत का, इचारा की."

कुणी हसलं नाही. प्रिंटर सुटला तोवर विम्याचं सर्व्हर पडलं होतं. माझ्या सहा पंख्यांच्या हट्टापायी (हो, पंखे मी घेतलेच) त्या पोराचा तासभर गेला आणि आबा उद्या पुन्हा येतो म्हणत उठले. येण्याजाण्याचं एसटीचं भाडं कुणी द्यायचं? पीसीला घरपोच सेवा आहे, पीकविम्याला नाही.

तर काल घरी पीसी लावला. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीनवर 'नो सिग्नल'. दुकानात फोन केला, तर हे 'भाच्याला द्या'. दहा मिनिटं थांबलो. मग बायकोच्या मोबाइलवरून, नाक चिमटीत धरून, बारीक आवाजात बोललो, "हॅलो, मी भाचा."

"हां दादा, बोल. मॉनिटरची वायर वर लावलीय का खाली?"

"वर."

"मंग मदरबोर्डला लावलीय. खालच्या आडव्या कार्डाला लाव. एफवाला प्रोसेसर हाय, वर काई दिसत नसतंय. मामांनीच लावली ना वायर?"

"हो."

"दुकानात तं एफवर लई भाषण दिलं होतं त्यांनी."

"मामा तसेच आहेत," मी म्हणालो.