देवीचा घट आणि तेरणेचे पाणी

"देवावर भरवसा ठेवा, सगळे नीट होईल" हे वाक्य संकटात सापडलेल्या माणसाला ज्या सहजतेने ऐकवले जाते, ती सहजता मला कधीच पटलेली नाही. आमचे गाव तेरणेच्या काठी, किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्या पहाटे जी हजारो माणसे गाडली गेली, त्यांतली कितीतरी आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून नुकतीच निजली होती. आजीची धाकटी बहीण सास्तूरला दिलेली होती. माळकरी बाई, एकादशी कधी मोडली नाही; तीही गेली. देवावर भरवसा म्हणजे आपल्या वाट्याला वाईट येणारच नाही अशी हमी, हा अर्थ निदान आमच्या भागातल्या माणसाने तरी धरू नये आणि शोकात बसलेल्याला 'देवाची इच्छा' असे सांगायला तर मुळीच जाऊ नये.

आमचे घर पडले नव्हते, पण भिंतींना हात जाईल एवढे तडे गेले होते. घर म्हणजे दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद. पावसाळ्यात गळू नये म्हणून त्या माळवदावर दरवर्षी पांढऱ्या मातीचा नवा थर चढायचा, आणि पिढ्यानुपिढ्या साचलेल्या त्या ओझ्याखालीच भूकंपात माणसे चिरडली. पुढे कित्येक महिने आम्ही खळ्यावर ताडपत्रीखाली झोपत होतो. दिवसाढवळ्याही उंबरठा ओलांडायला कोणी धजत नसे, आणि 'आज रात्री पुन्हा होणार' अशी बातमी रोज कोणीतरी आणत असे. सास्तूरहून परतल्यावर आजीने तेरा दिवस देवाला हातसुद्धा जोडला नाही. चौदाव्या दिवशी ती उठली, एकटीच घरात गेली आणि देव्हाऱ्यात दिवा लावून बाहेर आली. भ्या वाटत नाही का, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "वाटतंय की. पण म्या भिऊन बसले म्हणून माळवद थांबणार हाय का?" त्याच दुपारी तिने वडिलांना आणि काकांना माळवदावरची माती उतरवायला लावले. आठ दिवस टोपल्याने माती खाली येत होती. पुढे त्या जागी पत्रे पडले.

भरवसा या शब्दाचा अर्थ मला त्या टोपल्यांवरून कळला, असे आज वाटते. जमीन पुन्हा हलेल की नाही, हे आजीच्या हातात नव्हते. ते तिने देवावर सोडले. डोक्यावरची माती मात्र तिच्या हातात होती, ती तिने देवावर सोडली नाही. आम्ही बाकीचे नेमके उलटे करत होतो. जे आमच्या हातात नव्हते त्याचा रात्रभर घोर लावून घेत होतो आणि त्यामुळे दिवसा काही करायला अंगात बळ उरत नव्हते. भीती वाईट नसते, त्या पहाटे तिनेच आम्हाला अंगणात पळवले होते. पण तीच घोळवत बसले की माणूस जागचा हलत नाही. गंगाखेडच्या जनाबाईची जी कथा घरोघर सांगतात, तीत विठोबाने दळण चुटकीसरशी संपवून दिले, असे कोणी सांगत नाही. तो तिच्यासमोर बसला आणि त्याने जात्याच्या खुंट्याला हात लावला, एवढेच. दळण दळावेच लागले.

(कर्जाने खचलेल्या शेतकऱ्याला नुसते नामस्मरण सांगून चालते होणाऱ्यांचा मला राग येतो. त्याच्याबरोबर बँकेत जाऊन बसणारा आणि रात्री त्याला एकटा न सोडणारा माणूस, मग तो देवळात जावो न जावो, मला अधिक आस्तिक वाटतो.)

हे सारे मला पटलेले असूनही सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मी पुन्हा तसाच घाबरलो. नवरात्र नुकते बसले होते, मी लातूरहून गावी गेलो होतो आणि तेरणेचे पाणी वेशीपर्यंत आले होते. गावाच्या ग्रुपवर दर पाच मिनिटाला धरणाचा एखादा व्हिडिओ पडत होता. कोणता कुठला आणि कधीचा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मी दारात उभा राहून एकेक उघडून पाहत होतो. आई मागून आली आणि म्हणाली, "ते बघून पानी वसरतंय व्हय रं? जा, आधी म्हशीचं दावं सोड." मी गोठ्यात गेलो. तोवर तिने बियाण्याची पोती वडिलांकडून माळ्यावर चढवून घेतली होती आणि ती देव्हाऱ्यासमोर उभी होती. बसवलेला घट नऊ दिवस हलवायचा नसतो, हे तिनेच आम्हाला लहानपणापासून शिकवलेले. तिने पदर खोचला, घट दोन्ही हातांनी उचलला, कपाटावर नेऊन ठेवला आणि तिथेच दिवा लावला. "तुळजापूरच्या आईला कळतंय समदं," एवढे म्हणून तिने भाकरीसाठी पीठ मळायला घेतले.

पाणी आमच्या पायरीला लागून पहाटे ओसरले. सोयाबीन मात्र गेले आणि नदीकाठच्या वावरात तर पिकाबरोबर मातीही खरडून गेली. खाली मुरूम उघडा पडला. दसऱ्यापर्यंत पंचनामा झालेला नव्हता. घट उठला त्या दिवशी आईने त्यातले पिवळसर कोवळे धान देवीला वाहिले, मग वडिलांच्या टोपीत खोवले, माझ्याही कानावर ठेवले. घटाखालची माती त्याच नदीकाठच्या वावरातून आणलेली होती. दरवर्षी ती नदीत सोडतात. त्या वर्षी आईने ती टोपलीत भरली, वडिलांच्या हातात दिली आणि वावरात टाकून यायला सांगितले.