जिना सोडला म्हणून तोल राहत नाही

ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा येतो. सत्तरीनंतर जिना चढू नका, वाकू नका, मान झटकन वळवू नका, उभ्याने पायजमा घालू नका. तोल वयाप्रमाणे जाणारच, व्यायाम करायला जाल तर पडाल, त्यापेक्षा सावकाश फिरा आणि आराम करा. मुलं काळजीपोटी तो आईवडिलांना पाठवतात. काळजी खरी आहे, सल्ला मात्र बराचसा उलटा आहे.

पायजम्याचं मान्य. बसून घालावा, वाद नाही.

‘तोल जाणारच’ हे अर्धसत्य. डोळे, आतला कान आणि तळपाय-सांध्यांतून मेंदूला मिळणारी खबर या तिन्हींवर तोल चालतो आणि वयाबरोबर तिन्ही मंदावतात. पण ठेच लागल्यावर सावरतात ते मांड्या, पोटऱ्या आणि घोट्यांचे स्नायू, आणि ते म्हातारपणीही ताकद धरतात. बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात सरासरी ९० वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे मांड्यांसाठी वजनाचा व्यायाम दिला होता. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. माणसं मोजकी होती हे खरं, पण १९९४ साली १०० जणांवरच्या मोठ्या चाचणीतही ताकद दुपटीहून अधिक झाली.

‘व्यायाम करायला जाल तर पडाल’ हा दावा तर सरळ चुकीचा. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१९ साली १०८ चाचण्या, म्हणजे तेवीस हजारांवर माणसं, एकत्र तपासली. व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी होतं. तोलाच्या व्यायामाला ताकदीचा जोडला तिथे घट सुमारे ३४ टक्के दिसली. नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं, असं मात्र त्या आढाव्यातून ठामपणे सांगता आलं नाही. साहजिकच आहे. सपाट रस्त्यावर रमतगमत चालताना तोलाला कामच पडत नाही. चाला जरूर, हृदयाला आणि मनाला ते हवंच. पण जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम सांगते, तो वेगळा. ओट्याला हात लावून टाचा उचलणं, एका पावलापुढे दुसरं ठेवून चालणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं. सोपं वाटायला लागलं की थोडं अवघड करायचं. नाहीतर उपयोग थांबतो.

जिना म्हणजे फुकटचा मांड्यांचा व्यायाम. गुडघा फारच दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर डॉक्टरांना विचारावं, एरवी कठडा धरून चढावं. वाकण्याचं थोडं खरं आहे: हाडं ठिसूळ झाली असतील, विशेषतः मणका आधीच दबला असेल, तर कमरेतून गोल वाकून वजन उचलू नये. मानेबद्दल एक गंमत. कुशीवर वळताना गरगरतं त्या आजारात कानातले सूक्ष्म खडे जागा सोडतात, आणि त्यावरचा उपचारच डोकं ठरावीक क्रमाने वळवण्याचा असतो, जाणकाराच्या हातून.

या संदेशात झोपेच्या गोळ्यांचा उल्लेख नाही, मोतीबिंदूचा नाही, ओल्या बाथरूमचाही नाही. खरं तर पुढे पाठवायची यादी तिथून सुरू व्हायला हवी होती.