दारू 'पचते' म्हणजे काय
दारूवरच्या एका लेखात म्हटलंय, 'ज्याला दारू पचते तो व्यसनी होत नाही'. खरं याच्या अगदी उलट आहे. एका क्वार्टरमध्ये (१८० मिली) चढणारी दारू दोन क्वार्टर झाल्या तरी चढेना, म्हणजे मेंदू दारू गृहीत धरून चालू लागला. पुढची खूण सकाळी दिसते: हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, आणि एक पेग घेतला की सगळं थांबतं. घरचे नेमके इथे चुकतात, कोंडून ठेवून एका दिवसात दारू तोडतात. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भ्रम आणि भास. यात जीवही जातो. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा. ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी थायमिनचं (जीवनसत्त्व बी-१) इंजेक्शन दिलं का, तेही विचाराच.