नळी वेगळी, गोळा वेगळा : अमेरिकेतील ग्रेनेड लाँचरविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

मराठी मित्रमंडळींच्या आणि नातेवाइकांच्या गटांतून एक संदेश पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचा मथितार्थ असा : अमेरिकेत अठरा वर्षे पूर्ण झालेला कोणीही माणूस दुकानात जाऊन दोनशे डॉलरला लष्करी ग्रेनेड लाँचर घेऊ शकतो, त्याचे स्फोटक गोळेही तिथेच मिळतात, हा हक्क त्यांच्या संविधानाच्या दुसऱ्या दुरुस्तीने दिलेला आहे, आता तर त्यावरचा करही माफ झाला आहे, आणि अशी पंचवीस लाखांहून अधिक लाँचर तिथल्या लोकांच्या घरांत पडून आहेत. सोबत एका दुकानातल्या रायफलीचे छायाचित्र असते. तिच्या नळीखाली एक जाडजूड नळकांडे बसवलेले असून काही शे डॉलरांची किंमत चिकटवलेली दिसते. या संदेशाला कोणी उत्तर दिलेच, तर ते बहुधा ‘छे, तिथे त्यावर संपूर्ण बंदी आहे’ असे असते. हे उत्तरही संदेशाइतकेच चुकीचे आहे, आणि म्हणूनच हा विषय एका वाक्यात निकालात निघत नाही.

आधी वस्तू समजून घेऊ. ग्रेनेड लाँचर ही मुळात एक आखूड, रुंद नळी आहे. अमेरिकी सैन्यात १९६१ साली दाखल झालेले आणि व्हिएतनाम युद्धात गाजलेले एम-७९ हे बंदुकीसारखे मधोमध मोडून एका वेळी एकच गोळा भरण्याचे साधन होते. पुढे रायफलीच्या नळीखाली बसवायचे एम-२०३ आले आणि त्यानंतर एम-३२०. या तिन्हींचा व्यास ४० मिलिमीटर आहे. स्फोट नळी करत नाही, गोळा करतो. नळी फक्त गोळा काहीशे मीटर दूर नेऊन टाकते. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढचा सगळा कायदा उलगडत जातो, कारण अमेरिकी कायदा नळीची आणि गोळ्याची नोंद दोन स्वतंत्र वस्तू म्हणून ठेवतो.

संदेशातला पहिला मुद्दा ‘कोणीही, दुकानात जाऊन’ हा. १९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टने ‘डिस्ट्रक्टिव्ह डिव्हाइस’, म्हणजे विध्वंसक साधन, असा एक वर्ग १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टच्या, म्हणजे मशीनगनसारख्या शस्त्रांवर कर आणि नोंदणी लादणाऱ्या कायद्याच्या, कक्षेत आणला. बॉम्ब, हातबॉम्ब, सुरुंग ही त्यात नावानिशी आहेत. शिवाय स्फोटक द्रव्याच्या जोरावर प्रक्षेपक फेकणारे आणि नळीचा व्यास अर्ध्या इंचाहून, म्हणजे १२.७ मिलिमीटरहून, अधिक असलेले प्रत्येक शस्त्र त्यात येते. (आपल्याकडे परवान्याने मिळणारी बारा बोअरची बंदूकही या मोजमापाने अर्ध्या इंचापुढे जाते. शिकारीसाठी व खेळासाठी योग्य मानलेल्या शॉटगनना दिलेल्या सवलतीमुळेच ती सुटते, आणि १९९४ साली तीन विशिष्ट शॉटगनची ही सवलत काढून घेण्यात आली, तेव्हा त्याही ग्रेनेड लाँचरच्या पंक्तीत जाऊन बसल्या.) हा वर्ग करण्याची गरज का पडली, याचे एक कारण त्या दशकातच सापडते. दुसऱ्या महायुद्धातल्या २० मिलिमीटरच्या रणगाडाभेदी बंदुका तेव्हा टपालाने मागवता येत असत, आणि १९६५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज येथे चोरट्यांनी तिजोरी फोडण्यासाठी अशीच एक बंदूक वापरली होती. संदेशात रंगवलेला ‘पैसे टाका आणि तोफ घ्या’ हा काळ अमेरिकेत खरोखर होता. पण तो १९६८ साली संपला.

आज असे साधन घेऊ इच्छिणाऱ्याला काय करावे लागते? विक्रेत्याकडे साधा बंदूक-विक्रीचा परवाना असून भागत नाही. विध्वंसक साधनांच्या व्यापाराचा वेगळा संघीय परवाना लागतो आणि त्याचे शुल्क वर्षाला १,००० डॉलर आहे. परवानाधारक विक्रेत्याकडून घेणाऱ्याचे वय किमान २१ असावे लागते, १८ नव्हे. हस्तांतराचा अर्ज शस्त्रे व स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या संघीय संस्थेकडे, म्हणजे एटीएफकडे जातो. त्यासोबत छायाचित्र आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात, अर्जाची प्रत स्थानिक पोलीस प्रमुखाला पाठवावी लागते, पार्श्वभूमीची तपासणी होते, आणि मंजुरी येईपर्यंत वस्तू विक्रेत्याच्याच ताब्यात राहते. मंजुरीनंतर ती मालकाच्या नावावर आणि तिच्या क्रमांकासह केंद्रीय नोंदवहीत चढते. पुढे ती दुसऱ्या राज्यात न्यायची असली, तरी आधी परवानगी काढावी लागते. नोंदणीविना बाळगल्यास दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. या सगळ्याला ‘दुकानात जाऊन घेणे’ म्हणायचे असेल, तर सातबारा नावावर करून घेण्यालाही ‘जमीन उचलून आणणे’ म्हणावे लागेल.

तरीही ‘संपूर्ण बंदी’ म्हणणारे चुकतात, हे इथेच सांगितले पाहिजे. मशीनगनच्या बाबतीत अमेरिकी संसदेने १९८६ साली नागरिकांसाठीची नोंदवही नव्या शस्त्रांपुरती बंद केली. १९ मे १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाच्या नावावर होत नाही. विध्वंसक साधनांना ही बंदी लागू केलेली नाही. त्यामुळे ज्या राज्याची आडकाठी नाही, तिथे आज नव्याने बनवलेले एकबारी ४० मिलिमीटरचे लाँचरही वरची प्रक्रिया पार पाडून कायदेशीरपणे घेता येते. एमके-१९ सारखे पट्ट्यातून सलग गोळे सोडणारे स्वयंचलित लाँचर मात्र एकाच वेळी विध्वंसक साधनही ठरते आणि मशीनगनही, आणि मशीनगन असल्यामुळे त्याचा नवा नमुना नागरिकाला मिळत नाही. सारांश, एकाच नावाच्या दोन वस्तूंपैकी एक परवानगीने मिळते आणि दुसरी मिळत नाही. संदेश लिहिणाऱ्याला आणि त्याला खोडून काढणाऱ्यालाही ही फोड ठाऊक नाही.

दोनशे डॉलर ही किंमत नव्हे. तो हस्तांतरावरचा कर आहे आणि वस्तूची किंमत त्याच्यावर वेगळी पडते. हा आकडा १९३४ सालचा आहे. टोळीयुद्धांच्या त्या काळात थॉम्पसन सबमशीनगनची किंमतच जवळपास तेवढी होती, म्हणजे किंमत दुप्पट करून ग्राहक परतवावा, असा त्यामागचा हिशेब होता. महागाईप्रमाणे तो कधीच वाढवला गेला नाही, म्हणून आज तो किरकोळ वाटतो. ‘करही माफ झाला’ ही तर उघड गल्लत आहे. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर, आखूड नळीच्या रायफली व शॉटगन आणि इतर काही किरकोळ शस्त्रांवरचा कर शून्यावर आणला. मशीनगन आणि विध्वंसक साधने यांच्यावर तो दोनशे डॉलर कायम ठेवला. ज्या बातमीचा आधार घेऊन हे वाक्य जोडले गेले, त्याच बातमीत ग्रेनेड लाँचर सवलतीच्या बाहेर असल्याचे कारण दडलेले आहे. पण मथळ्यापलीकडे वाचण्याचे कष्ट कोणी घेतलेले दिसत नाहीत.

आता छायाचित्र. काही शे डॉलरांची चिठ्ठी लावलेले, काउंटरवर उघड ठेवलेले असे नळकांडे हे बहुधा ३७ मिलिमीटरचे फ्लेअर लाँचर असते. आपत्तीत इशारा देण्यासाठीच्या रंगीत ज्योती किंवा धूर सोडण्याचे ते साधन आहे, आणि संकेत देण्यासाठीची साधने शस्त्र म्हणून घडवलेली नसल्यामुळे कायद्याने वगळलेली आहेत. ते दिसायला हुबेहूब एम-२०३ सारखे करतात, कारण गिऱ्हाइकाला ते तसेच हवे असते. पण ४० मिलिमीटरचा लष्करी गोळा त्यात बसत नाही. मात्र इथेही एक खाच आहे. एटीएफच्या १९९५ च्या एका निर्णयानुसार, अशा लाँचरसोबत माणसाला मारा करण्याच्या हेतूची काडतुसे, जसे लाकडी किंवा रबरी गोळ्यांची अथवा छर्ऱ्यांच्या पिशव्यांची, बाळगली, तर तेच निरुपद्रवी लाँचर विध्वंसक साधन ठरते आणि विनानोंदणी असल्यामुळे गुन्हा घडतो. नळी तीच राहते. शेजारी काय ठेवले आहे, यावर तिची जात बदलते.

संदेशातला सर्वांत खोटा भाग ‘स्फोटक गोळेही तिथेच मिळतात’ हा आहे. प्रत्येक स्फोटक गोळा हा स्वतःच एक विध्वंसक साधन आहे. म्हणजे प्रत्येक गोळ्याला स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र नोंद आणि स्वतंत्र दोनशे डॉलर. शिवाय स्फोटके बाळगण्याचे व साठवण्याचे संघीय नियम वेगळेच, ज्यांत ती कोणत्या प्रकारच्या कोठारात ठेवावीत इथपर्यंतचे तपशील येतात. एकदा उडवला की गोळा संपला, आणि त्याच्यासोबत भरलेला करही धुरात गेला. त्यातच लष्करासाठी गोळे बनवणारे कारखाने ते किरकोळ गिऱ्हाइकाला विकायला बसलेले नाहीत. प्रत्यक्षात कायदेशीर लाँचर बाळगणारा हौशी माणूस मैदानावर जाऊन उडवतो, तो खडूसारख्या रंगीत भुकटीचा सरावाचा गोळा. लष्करातल्या नवशिक्या जवानालाही आधी हाच मिळतो : तो पडतो तिथे नारिंगी भुकटीचा एक ढग उठतो, आणि नेम कुठे लागला ते दिसते.

हेच सूत्र पंचवीस लाखांच्या आकड्यालाही लावावे. एटीएफच्या वार्षिक अहवालांत नोंदलेल्या विध्वंसक साधनांची संख्या पंचवीस लाखांहून अधिक दिसते, हे खरे आहे. मात्र त्या संख्येत लाँचर किती, हे तो आकडा सांगत नाही. एकेक गोळा, एकेक हातबॉम्ब, एकेक सुरुंग वेगळा मोजला जातो. आणि नोंदवहीत केवळ हौशी नागरिक नसून उत्पादक, व्यापारी, स्थानिक पोलीस दले, सगळेच येतात. एका कारखान्याच्या कोठारातले हजार गोळे म्हणजे नोंदवहीतल्या हजार ओळी. त्या ओळींना ‘घरातली लाँचर’ म्हणणे म्हणजे दारूखान्यातले फटाके मोजून तितक्या तोफा आहेत असे जाहीर करण्यासारखे आहे.

दुसऱ्या दुरुस्तीविषयी थोडक्यात. २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगण्याचा वैयक्तिक हक्क मान्य केला. त्याच निकालपत्रात ‘धोकादायक आणि असाधारण’ शस्त्रांवरील निर्बंधांची परंपरा या हक्काशी विसंगत नाही, असेही म्हटले. नागरिकाला ग्रेनेड लाँचर मिळते, ते संविधानाने दिले म्हणून नव्हे, तर साध्या कायद्याने नोंदणीची वाट ठेवली आहे म्हणून. आणि राज्ये ती वाट बुजवू शकतात. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत, शॉटगन वगळता, गोळा आणि दारू एकत्र जोडलेले काडतूस उडवणारे ०.६० इंचाहून मोठ्या व्यासाचे शस्त्र विध्वंसक ठरते आणि सामान्य माणसाला ते बाळगता येत नाही. टेक्सासमध्ये याउलट, संघीय नोंदवहीत रीतसर नोंद असेल तर राज्याचा कायदा आड येत नाही. म्हणजे ‘अमेरिकेत’ हा शब्दच या वाक्यात फार सैल आहे.

याच संदेशाच्या काही आवृत्त्यांत ‘तिथे शाळांकडेसुद्धा ग्रेनेड लाँचर आहेत’ अशी पुरवणी असते. तिला आधार आहे. लष्कराचे वापरून झालेले साहित्य पोलिसांना देण्याच्या योजनेतून लॉस एंजेलिसच्या शालेय पोलीस विभागाकडे तीन लाँचर आली होती, आणि २०१४ साली टीका झाल्यावर ती परत करण्यात आली. पोलिसांकडे अशी नळी प्रामुख्याने अश्रुधुरासाठी असते. शालेय पोलिसांना तिची गरज काय, हा प्रश्न रास्तच होता; पण तो नागरिकांच्या मालकीचा प्रश्न नव्हे, आणि दोन्ही एकाच पातेल्यात शिजवल्याने कोणताच नीट कळत नाही.

शेवटी संदेश भारताकडे वळतो आणि ‘आपल्याकडेही परवाना काढून मिळायला हवे’ असे म्हणतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने ‘प्रतिबंधित दारूगोळा’ या व्याख्येतच रॉकेट, बॉम्ब, ग्रेनेड आणि तोफगोळे घातले आहेत. म्हणजे आपला कायदाही आधी गोळ्याला हात घालतो. प्रतिबंधित शस्त्रे व दारूगोळा केंद्र सरकारच्या विशेष अधिकारपत्राविना बाळगता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान सात आणि कमाल चौदा वर्षांची शिक्षा आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात मिळणाऱ्या परवान्याचा याच्याशी संबंध नाही. पुण्यात पाषाणच्या एआरडीई या संशोधन संस्थेने विकसित केलेले ४० मिलिमीटरचे, रायफलीखाली बसणारे लाँचर सैन्यासाठी आहे.

हा संदेश अमेरिकेतल्या मराठी तरुणांच्या गटांतही हौसेने फिरतो, म्हणून एक बाब त्यांच्यासाठी. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघीय कायद्याने कोणतेही बंदूकवर्गातले शस्त्र किंवा काडतूस बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना असणे यांसारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही मनाई उरत नाही. म्हणजे ज्या मित्राने ‘चला, वीकेंडला एक घेऊन येऊ’ अशी गंमत करत हा संदेश पुढे पाठवला, त्याला व्हिसाच्या सध्याच्या अवस्थेत बहुधा साधे पिस्तूलसुद्धा घरी ठेवता येणार नाही.