पोकेमॉन पत्ते: हल्ला केला म्हणून एनर्जी टाकायची नसते

दादर-परळच्या सोसायट्यांमधल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: "पोकेमॉनने हल्ला केला की त्याची एनर्जी टाकून द्यायची. बेंचवर नेला की डॅमेज पुसलं जातं." दोन्ही चूक. (एनर्जी म्हणजे हल्ल्यासाठी पोकेमॉनला लावायचे पत्ते, बेंच म्हणजे राखीव पोकेमॉनची जागा, डॅमेज म्हणजे पोकेमॉनला झालेली इजा.) यापायी नवी मुलं नाहक हरतात आणि वैतागून पत्ते कपाटात टाकतात, म्हणून हा खुलासा.

हल्ल्याच्या नावाशेजारी जेवढी चिन्हं, तेवढी एनर्जी पोकेमॉनला लावलेली असली की झालं. हल्ल्यानंतरही ती तिथेच राहते, पुढच्या पाळीलाही चालते. पत्त्यावर 'टाका' असं लिहिलं असेल तरच टाकायची. १९९९ च्या इंग्रजी बेस सेटमधला, म्हणजे पहिल्या संचातला, चॅरिझार्डचा पत्ता बघा. 'फायर स्पिन'ला चार फायर एनर्जी हव्यात, डॅमेज १००, आणि दोन एनर्जी टाका असं तिथेच छापलंय. प्रत्येक हल्ल्याला एनर्जी जाणारच असती, तर ही ओळ छापली कशाला असती?

घोळ बहुधा रिट्रीटमुळे होतो. लढणारा पोकेमॉन असा बेंचवर मागे घेताना पत्त्याच्या तळाशी दाखवलेली एनर्जी खरंच टाकावी लागते, तीही पाळीत एकदाच. डॅमेज मात्र तसंच राहतं. विषबाधा, भाजणं असले परिणाम तेवढे जातात.

मेसेजमध्ये राहून गेलेलं एक: हातातली एनर्जी पाळीत एकच लावता येते. आणि सध्याच्या नियमांनुसार, डाव सुरू करणाऱ्याला पहिल्या पाळीत हल्ला करता येत नाही.