'रेंजमधून अंतर वजा करा' हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

परवा ताईने एक फॉरवर्ड पाठवला आणि वर "बघ, किती सोपं आहे." इलेक्ट्रिक गाडीतलं नेव्हिगेशन उगाच चार्जिंगचे थांबे वाढवतं, त्यापेक्षा बॅटरी फुल करा, कंपनीने सांगितलेल्या रेंजमधून (म्हणजे एका फुल चार्जवर गाडी जितके किलोमीटर जाते त्यातून) अंतर वजा करा आणि फोनचा मॅप लावून निघा, असं त्यात लिहिलंय. ताई याच हिशेबावर पोरांना घेऊन घाट चढणार होती, म्हणून लिहितेय.

वजाबाकीचा मुद्दा सगळ्यात धोकादायक. बऱ्याच देशांत रेंज ज्या डब्ल्यूएलटीपी टेस्टने ठरते तिचा सरासरी वेग ताशी ४६.५ किलोमीटर आहे, तापमान २३ अंश, आणि चढ नाहीच. हायवेवर ४६ ने कोण चालवतं? ८० वरून ११० वर गेलात की हवेचा विरोध जवळपास दुप्पट होतो. त्यात चढ, दोन टनांची गाडी हजार मीटर वर न्यायला साडेपाच युनिट लागतात, म्हणजे सपाट रस्त्यावरचे पस्तीसेक किलोमीटर तिथेच गेले. उतारावर थोडं परत मिळतं हो, पण सगळं नाही, आणि आधी वर पोचायला तर हवं!

फुल चार्जचं म्हणाल तर घरून निघताना ठीक. वाटेत फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर वेग इतका पडतो की दोन छोटे थांबे एका लांब थांब्यापेक्षा लवकर उरकतात, म्हणून गाडी जास्त थांबे दाखवते.

फोनच्या मॅपला बहुतेक वेळा बॅटरी किती उरलीय तेच कळत नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांत नेव्हिगेशनमध्ये चार्जर टाकला तरच बॅटरी वाटेत गरम व्हायला लागते, थंड बॅटरी चार्ज हळू घेते.

एक मान्य करते, चार्जर बंद पडलेला असला तरी गाडीचा मॅप कधीकधी चालू दाखवतो, तेवढं चार्जिंगवाल्यांच्या ॲपवर बघून घ्यावं आणि जवळचा दुसरा चार्जर हेरून ठेवावा.

काल ताईला गाडीत बसवून तोच रस्ता टाकायला लावला. रेंज ४०० आणि अंतर २५०, म्हणजे मेसेजच्या हिशेबाने पोचताना ३७ टक्के उरायला हवेत. स्क्रीनवर आले १३. तिने तिथेच घाटाच्या पायथ्याचा चार्जर थांबा म्हणून टाकला.